नंबर नसलेले डोळे

माझी नात रुही गाडी चालवायला शिकली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिला पंधरावं पूर्ण होऊन शिकाऊ लायसन्स मिळालं आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या जावयाचे, संजीवचे, डोळे जात चाललेत हे आम्हाला कळलं. रुहीनं गाडी शिकायला घेतली नसती तर ते आणखी उशिरा कळलं असतं.

आम्ही कॅरीला राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. तेव्हा घरात पाच माणसं होती. माझी मुलगी उपासना औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. संजीव कॉम्प्युटरवाला. त्यांची एकुलती एक रुही. मी. आणि संजीवचे वडील, म्हणजे माझे व्याही, लहूभाऊ. मुलीच्या घरी आईनं राहायचं आणि त्याच घरात व्याह्यानंही राहायचं, हे नागपुरात कुणाला सांगितलं तर तोंडावर पदर घेऊन हसतील. इथे कोण हसतो? माझा नवरा गेल्यावर मी आले, त्यांची बायको गेल्यावर ते आले. दुपारी एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघंच. ते मला ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणायचे, मी त्यांना भाऊ.

लहूभाऊंना एकच डोळा होता. डावा गेलेला. हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॉल्या बनवायच्या कारखान्यात ते वेल्डर होते. मुखवटा एक आणि माणसं तीन, त्यामुळे बरंच काम डोळे मिटून, अंदाजानं. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग व्हायची, मग बायको बटाट्याचे काप करून पापण्यांवर ठेवायची. संजीव लहान असताना ते काप ताटलीत धरून बसायचा. पुढे डावा डोळा हळूहळू विझला. दवाखान्यात कुणी नेलं नाही, कारण डोळा कशानं गेला हे तर सगळ्यांना माहीत होतं. वेल्डिंगनं गेला. बापानं डोळा जाळला आणि पोराला इंजिनिअर केलं, असं सगळी वस्ती म्हणायची. संजीवच्या लग्नात हे माइकवरून सांगितलं होतं. संजीव ती गोष्ट जन्मभर उराशी धरून होता.

म्हणून बापाच्या उरलेल्या डोळ्याला तो फार जपायचा.

लहूभाऊ दर हिवाळ्यात महिनाभर नागपूरला जायचे. तिथे सीताबर्डीवर एका चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घ्यायचे. डॉक्टर नाही, दुकानदारच. खुर्चीवर बसवून भिंगं बदलत विचारायचा, आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं? आमच्या लोकांत यालाच डोळे तपासणं म्हणतात. नंबर निघाला की डोळे तपासून झाले. तो कागद घेऊन ते परत यायचे आणि चष्मा मग इथे बनायचा, तोही संजीवच्या विम्यावर.

इथल्या नोकरीत डोळ्यांचा वेगळा विमा मिळतो. पगारातून कापतात. त्यात बायको बसते, लेकरं बसतात, आईबाप बसत नाहीत. वर्षाला एक चष्मा त्या विम्यातून निघतो. संजीवला चष्मा नव्हता. दर वर्षीचा चष्मा वाया जायचा आणि वाया गेलेलं आमच्या घरात कुणालाच बघवत नाही. किराणा दुकानाच्या शेजारी देवांग नावाचा गुजराथी माणूस चष्म्याचं दुकान चालवायचा. तो लहूभाऊंच्या नागपूरच्या कागदावरचा नंबर संजीवच्या नावावर उतरवून घ्यायचा.

"घर का मामला है, साहब," देवांग म्हणायचा. "नाक पप्पा का, नाम आपका."

नवा चष्मा आला की संजीव स्वतःच्या हातानं तो बापाच्या नाकावर बसवायचा. काड्या कानामागे नीट सारायचा आणि विचारायचा, "बाबा, काय दिसतं?"

"तुझी दाढी पिकली ते दिसतं. काळी कर, नाहीतर लोक मलाच तुझा भाऊ समजतील."

दर वर्षी हाच विनोद, आणि संजीव दर वर्षी तेवढ्याच आनंदानं हसायचा.

उपासना कधीमधी विचारायची, "आणि तुझे डोळे कधी दाखवणार?"

"मला नंबरच नाही. दाखवायचं काय?"

"चाळिशी तर लागलीय ना? औषधांच्या दुकानातून ते तयार चष्मे आणतोस वाचायला."

"तो नंबर नाही गं, ते वय आहे. आणि या वर्षीचा बेनिफिट झाला ना वापरून. जानेवारीत बघू."

जानेवारी यायचा, लहूभाऊ नागपूरहून नवा कागद घेऊन यायचे, आणि तो जानेवारीही जायचा. अशी पाच वर्षं गेली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात संजीव घरात धडकू लागला. भांडी धुवायच्या मशीनचं दार उघडं असलं की त्याची नडगी तिथेच लागायची. जेवताना डाव्या हाताचा पाण्याचा पेला सांडायचा. मी पेला जरा आत ठेवू लागले, लेकराच्या ताटाला ठेवतात तसा. उपासना म्हणायची, सारखं फोनमध्ये डोकं, म्हणून. तोही म्हणायचा, हो यार, लक्ष नसतं माझं. त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं. पुढे डॉक्टरनं सांगितलं की जिथलं दिसत नाही तिथे माणसाला काळं दिसत नाही. तिथे काहीच नाही, असंच मन समजून चालतं.

मग रुही लायसन्सच्या ऑफिसात जाऊन आली. आली ती नाचतच. उपासना तिला घेऊन गेली होती. दारातूनच ओरडली, "आजी, आय पास्ड! मशीनमध्ये डोळे घालायचे, लेटर्स वाचायचे, आणि मग साइडला लाइट ब्लिंक होते. लेफ्ट की राइट ते सांगायचं."

"मग तू काय सांगितलं?"

"ऑबव्हियसली बरोबर सांगितलं!"

संजीव सोफ्यावर होता. म्हणाला, "आमच्या वेळी पण होतं ते मशीन. आता तर मी ऑनलाइनच रिन्यू करतो. कोण जातं."

"डॅड, मी तुमची टेस्ट घेते. कम ऑन. माझ्या नाकाकडे बघा. फक्त नोज."

ती त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. दोन्ही हात पसरले. त्याच्या उजव्या बाजूच्या हाताची बोटं हलवली. तो म्हणाला दोन. बरोबर. तिनं दुसऱ्या हाताची बोटं हलवली.

"किती?"

"कुठे?"

"इथे, डॅड. आय ॲम मूव्हिंग देम."

"आधी हात तर वर कर."

आम्ही सगळे हसलो. लहूभाऊ सर्वांत मोठ्यानं हसले. "अरे, एका डोळ्याचा मी की तू?" रुहीही हसत हसत हात पुढे आणू लागली. हात तिच्या खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. संजीव तिच्या नाकाकडे बघत शांत बसला होता, आपली परीक्षा सुरू व्हायची वाट बघत. हात तिच्या गालाजवळ आला तेव्हा तो म्हणाला, "हां, तीन."

रुहीनं हात खाली घेतला. "डॅड, बी ऑनेस्ट. तुम्ही चेष्टा करताय ना?"

तो चेष्टा करत नव्हता. हे त्याच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसलं. मग रुहीनं एकेक डोळा झाकून परीक्षा परत घेतली. उजवा डोळा झाकला तर डाव्याला तिचा अर्धा चेहरा दिसत नव्हता. उपासना स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तशीच फडकं धरून उभी राहिली.

"उद्या दाखवायचं," ती म्हणाली.

"अगं, या वर्षीचा बेनिफिट..."

"खड्ड्यात गेला तुझा बेनिफिट."

पण ती लॅबमधली बाई, खात्री केल्याशिवाय पुढे न जाणारी. दुसऱ्या दिवशी तिनं विम्याच्या ऑफिसला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा बोलता केला. पलीकडची बाई गोड बोलत होती. तिनं संजीवची जन्मतारीख विचारली, कार्डावरचा नंबर विचारला. मग म्हणाली, तुमचा यंदाचा चष्मा घेऊन झालेला आहे. तपासणी बाकी आहे.

"म्हणजे?" उपासना म्हणाली.

म्हणजे दोन्ही वेगवेगळं. चष्मा वर्षातून एकदा, आणि डोळ्यांची पुरी तपासणीही वर्षातून एकदा, चष्मा घ्या अथवा नका घेऊ. चष्मा घेतल्यानं तपासणी संपत नाही. मिस्टर नगराळे यांची तपासणी गेल्या वर्षीही वापरलेली नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. हा प्लॅन सुरू झाल्यापासून एकदाही नाही. त्या बाईनं विचारलं, तुमच्याजवळच्या डॉक्टरांची नावं पाठवू का?

फोन बंद झाल्यावर उपासना संजीवकडे बघत राहिली.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं ती तपासणी तुझ्या नावानं तिथे पडून होती. इतरांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतोस ना तू? स्वतःच्या कार्डामागचं वाचता आलं नाही?"

"मला वाटलं एकच असतं. चष्मा घेतला की झालं."

"वाटलं! नाव तुझं, नाक बाबांचं, आणि डोळे कुणाचे गेले?"

"उपासना," मी म्हटलं. लहूभाऊ समोरच बसले होते. त्यांना इंग्रजी फोन कळला नव्हता, पण हे मराठी कळलं.

तपासणी झाली. डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, फुंकर मारून दाब मोजला, वाटीसारख्या पांढऱ्या मशीनमध्ये हनुवटी ठेवून ठिपके मोजायला लावले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईनं तिथल्या तिथे मोठ्या डॉक्टरकडे फोन लावला. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं अक्षर शेवटपर्यंत दिसतं. बाजूचं आधी जातं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखायचं.

तेव्हा आम्हाला हेही कळलं की इथे डोळ्यांचे दोन विमे असतात. चष्म्याचा वेगळा आणि रोगाचा वेगळा. काचबिंदू हा रोग, तो अंगाच्या विम्यात येतो, ताप आणि हाडं येतात तसाच. म्हणजे चष्म्याचं वर्ष, तपासणीचं वर्ष, काहीही संपलेलं असतं तरी संजीव कुठल्याही महिन्यात जाऊ शकत होता. कुणी अडवणार नव्हतं.

मोठ्या डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला? संजीव म्हणाला, नाही. वडिलांचा एक डोळा गेलाय, पण तो वेल्डिंगनं.

डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला, पुढच्या वेळी वडिलांना घेऊन या.

त्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. रुहीला शाळा नव्हती आणि घरी मी एकटी काय करणार. लहूभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला, खिशाला पेन लावलं. डॉक्टर त्यांचा गेलेला डोळा बघत होता तेव्हा ते मान ताठ करून बसले होते. हातानं होल्डर धरल्यासारखं करून दाखवलं, तोंडानं चर्र आवाज काढला. "वेल्डिंग, साहेब. ट्वेंटी टू इयर."

डॉक्टर हसला. मग बराच वेळ बघत राहिला. उजवा डोळा बघितला, परत डावा बघितला. शेवटी खुर्ची मागे सारून उपासनाशी इंग्रजीत बोलला. मला सगळं कळलं नाही, पण संजीवची मान खाली गेलेली दिसली.

"काय म्हणतो?" लहूभाऊंनी विचारलं.

उपासना पर्सचा पट्टा नीट करू लागली.

"अरे, काय म्हणतो तो?"

"काही नाही बाबा," संजीव म्हणाला. "वय झालं म्हणतो."

रुही दाराजवळ उभी होती. इथली पोरं विचारलं की खरं तेच सांगतात, त्यांना शाळेत तसंच शिकवलेलं असतं. ती म्हणाली, "आजोबा, इट्स द सेम थिंग. तुम्हाला पण तेच आहे. वेल्डिंगमुळे नाही. ते फॅमिलीत असतं. तुमच्याकडून डॅडला आलं."

"रुही!" उपासना ओरडली.

"व्हॉट? ही आस्क्ड!"

लहूभाऊंनी चष्मा लावला. डॉक्टरला म्हणाले, "थँक्यू, साहेब." आणि उठले.

गाडीत ते पुढे, उपासनाच्या शेजारी बसले होते. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "म्हणजे मी डोळा कारखान्यात घातला नाही."

"बाबा, वेल्डिंग तर केलंत ना तुम्ही," संजीव मागून म्हणाला. "ते काय खोटं आहे?"

"केलं. पण डोळा त्यानं नाही गेला. तो जाणारच होता. घरी बसलो असतो तरी गेला असता." मग म्हणाले, "आणि तुला मी इंजिनिअर केलं म्हणत होतो. मी तुला हे दिलं."

संजीवनं पुढे हात घालून बापाच्या खांद्यावर ठेवला. उपासना समोर बघून गाडी चालवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिनं चाकावरचा हात काढला नाही.

घरी आल्यावर लहूभाऊंनी चष्मा डबीत घातला आणि डबी माझ्यापुढे सरकवली.

"हा कुणाच्या नावावर आहे, ईनबाई?"

"संजीवच्या."

"मग त्याचा त्याला द्या."

"त्याला काय उपयोग? तुमच्या नंबरानं त्याला आंधळं करता का?" माझ्या तोंडून निघून गेलं. मग मी आवाज खाली आणला. "भाऊ, चष्मा काढून त्याचे डोळे येणार आहेत का? दुपारचा पेपर कोण वाचणार?"

"तुम्ही वाचा."

मला अक्षर उशिरा आलं, लेकीच्या पाठीमागून तिचा अभ्यास बघत बघत. जोडाक्षराला मी अडते. त्या दिवसापासून दुपारी टॅबवरचा मराठी पेपर मी वाचू लागले आणि ते डोळे मिटून ऐकू लागले. आधी कधी मी वाचायला घेतलं की माझी फार चेष्टा करायचे. "ईनबाईंची गाडी फाटकात अडकली," म्हणायचे. आता अडले तर नुसते थांबून राहायचे. चष्मा त्यांनी परत लावला नाही.

संजीवनं गाडी चालवणं बंद केलं. डॉक्टर म्हणाला होता की अंधारात मुळीच नाही, दिवसाचं पुढच्या तपासण्यांनंतर सांगतो. उपासनानं किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. त्यानं वाद घातला नाही. तो ऐकणारा माणूस होता. एकदा कळलं की चुकलं, तर परत ती चूक करणारा नव्हता. आणि आम्हाला सर्वांनाच वाटत होतं की वेळेत कळलं. उरलेलं राहील. डॉक्टरनं तसं सांगितलंही होतं.

कॅरीत गाडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. सकाळी उपासना त्याला ऑफिसला सोडायची, संध्याकाळी आणायची. आठवड्यातले काही दिवस तो घरूनच काम करायचा. रुहीला एकटीनं गाडी चालवायची परवानगी मिळायला अजून पुष्कळ अवकाश होता. ती रोज म्हणायची, "डॅड, वन्स आय गेट इट, मी तुमची उबर."

"चालवणं बघून रेटिंग देईन," तो म्हणायचा.

रात्री जेवणानंतर बापलेक सोफ्यावर शेजारी शेजारी बसायचे, मान मागे टाकून. दोघांना एकच औषध. रुही थेंब घालायची. आधी आजोबांना, मग डॅडला. थेंब पडला की दोघांनी डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा.

"संजू, रडतोस काय रे?" लहूभाऊ विचारायचे.

"तुम्हीच रडताय, बाबा."

"हललास तर फुकट जाईल. औषध आहे ते, अत्तर नाही."

तेवढ्या वेळापुरते ते पहिल्यासारखे असायचे. इथल्या बुद्धविहारातल्या लोकांना संजीवनं स्वतः सांगितलं. रविवारी वंदना झाल्यावर उभा राहून म्हणाला, जय भीम, दोन मिनिटं बोलतो. आपल्या घरात कुणाचा डोळा गेला असेल आणि तुम्ही म्हणत असाल की कामानं गेला, ऊन लागलं, साखर होती, तर एकदा स्वतःचे दाखवा. नंबर नसला तरी दाखवा. चष्मा आणि तपासणी वेगवेगळी असते, कार्डामागे लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अतुल नावाच्या पोरानं तिथेच फोन काढून स्वतःचा प्लॅन उघडला. लहूभाऊ मागच्या रांगेत बिनचष्म्याचे बसले होते.

नोव्हेंबर लागला. पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे करतात. आदल्या दिवशी सहालाही उजेड होता आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच काळोख. दर वर्षी मला तो आठवडा खायला उठतो.

त्या गुरुवारी उपासनाच्या लॅबमध्ये काहीतरी बिघडलं. तिनं संजीवला फोन केला, मला वेळ लागेल, तू थांब. तो म्हणाला, मी ऑफिसातल्या कुमारबरोबर येतो, तो मला औषधांच्या दुकानापाशी सोडेल. थेंबांची नवी बाटली आलीय, ती घेऊन चालत घरी जातो. उपासना म्हणाली, अंधार पडेल. तो म्हणाला, अगं, एक रस्ता तर ओलांडायचा आहे. सिग्नल आहे, चालायचा दिवा आहे. गाडी चालवायची नाही म्हणालात, चालायचं नाही असं कुठे म्हणालात?

ते दुकान आमच्या खिडकीतून दिसतं. मधे मोठा रस्ता आहे, येणाऱ्या तीन रांगा, जाणाऱ्या तीन रांगा. लहूभाऊ खिडकीशी उभे होते. त्यांना दिवे तेवढे दिसत होते, पसरलेले. मला म्हणाले, "ईनबाई, तुम्ही बघा बरं, येतो का."

मी म्हटलं, "येईल. कणीक मळू द्या."

कुमारनं त्याला दुकानाशी सोडलं. त्यानं बाटली घेतली. सिग्नलला थांबला. चालायचा पांढरा दिवा लागला तेव्हाच त्यानं पाय टाकला, हे सिग्नलशी उभ्या असलेल्या एका गाडीतल्या माणसानं पोलिसांना सांगितलं. डावीकडून एक गाडी वळत आली. चालवणारी बाई म्हणाली की तिला काळ्या कोटातला माणूस दिसलाच नाही. गाडी अगदी अंगावर येईपर्यंत त्यानंही मान वळवली नाही. त्याला तिथे काही दिसत नव्हतं. तिथे काहीच नाही, असंच त्याचं मन समजून चाललं होतं.

आम्हाला आधी आवाज आला. लाल निळे दिवे नंतर आले. लहूभाऊ म्हणाले, "बघा हो, काय झालं तिथे." मी कणकेच्या हातानं खिडकीशी गेले. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत. मला कोट ओळखू आला.

घरी माणसं आली, वंदना झाली, पुढे राख नागपूरला गेली. ते सगळं जसं होतं तसं झालं. थेंबांची बाटली पोलिसांनी पिशवीत घालून परत दिली, तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. उपासनानं ती फेकली नाही. औषध एकच होतं, लहूभाऊंच्या डोळ्यात घालता येत होतं. पण ते बसेनात. रुही बाटली घेऊन उभी राहायची आणि ते मान मागे टाकायचे नाहीत.

"आजोबा, प्लीज."

"मला आता काय बघायचंय?"

रुही त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचं मराठी मोडकं आहे, पण त्या दिवशी तिनं एकही इंग्रजी शब्द घातला नाही. "मला बघा," ती म्हणाली. "मी गाडी चालवणार. तुम्ही बाजूला बसणार. मला सांगणार."

लहूभाऊंनी खूप वेळानं मान मागे टाकली. मग त्यांनी डबी मागितली आणि चष्मा लावला.

संजीवच्या कंपनीनं घरच्यांचा विमा वर्षअखेरीपर्यंत चालू ठेवला होता. डिसेंबरात, तो संपायच्या आत, उपासनानं रुहीची तपासणी करून घेतली आणि स्वतःचीही. चष्मा दोघींनीही घेतला नाही. रुहीचा दाब ठीक आहे. दर वर्षी बघायचा आहे, जन्मभर.

माझा जावई, संजीव लहू नगराळे, सात नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवारी संध्याकाळी, घरासमोरच्या रस्त्यावर गाडीखाली सापडून वारला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं.